उन्हात ठेवलेले सेल

मी सेल उन्हात ठेवले आणि माझ्या नणंदेची नोकरी गेली. लागण्याआधीच गेली, एवढाच काय तो फरक. हे असं सांगितलं की नातवंडं म्हणतात, आजी, मधलं काहीतरी गाळलंस. गाळलेलं काही नाही. मधे होते मी, मोरपंखी रेशमी साडीतली, आणि माझ्या डोक्यातला भुसा.

आमच्या प्रताप नगरच्या घरात उन्हावर फार श्रद्धा होती. उन्हात ठेवलं की सगळं सुधारतं, हा सासऱ्यांचा सिद्धांत. गहू, गाद्या, तिखट, लोणच्याच्या बरण्या, सर्दी झालेलं मूल, सगळं गच्चीवर. त्यातच टॉर्चचे आणि ट्रान्झिस्टरचे सेल. रात्री काम झालं की सेल काढायचे, नाहीतर आत पाणी सुटतं. मंद झाले की कठड्यावर ओळीने मांडायचे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, मधूनमधून वर जाऊन पोळी उलटावी तसे ते उलटून यायचे. संध्याकाळी टॉर्च लावून आमच्या तोंडावर मारायचे आणि म्हणायचे, "पाह्य सूनबाई. नवा झाला का नाई?" मी हो म्हणायचे. खरंच वाटायचं मला.

ते मशीन आलं माझ्या दिराच्या बॅगेतून. दीर जहाजावर होते. एका सुट्टीत येताना घरच्यांसाठी अत्तर, चॉकलेट असलं काहीबाही आणलं आणि माझ्यासाठी ते. "वैनी, तुम्ही पेटी वाजवता ना, मंग हे घ्या," म्हणाले. "सिंथेसायझर हाये. तिकडं पोरं यावरच नाचतात."

मी हात पुसून घेतलं. डब्यापेक्षा थोडं लांब, पाटीपेक्षा थोडं जाड. पेटीच्या पट्ट्या कुणी धुऊन आटवल्यासारख्या इवल्या पट्ट्या. वर रेडिओला असतात तसे फिरवायचे कान. आणि खाली सोळा बटणांची एक ओळ, प्रत्येकावर मोहरीएवढा लाल दिवा. चालू केलं की तो दिवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जायचा आणि परत पहिल्यावर. ज्या बटणावर बोट दाबाल तिथे दिवा आला की ढोल पडायचा. एकदा दाबून ठेवलं की तुम्ही उठून कुकर उतरवून आलात तरी ढोल आपला पडतोच आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताखाली कुणीतरी न सांगता काम करत होतं. मी त्याच्यावर भाळले.

मामाजींनी लांबून पाहिलं आणि त्याचं नाव डब्बा ठेवलं.

दीर जाण्याआधी मला सगळं समजावत होते, हे मान्य करते. म्हणाले, "आपल्या इकडची लाईट याले चालत नाई, सेलवरच वाजवा. अन् वैनी, याच्या डोक्यात जे भरान ते सेलच्या जिवावर राहते. सेल बदलान तं पटापट बदला, लगेच दुसरे घाला." ते बोलत होते आणि मी एकीकडे पट्ट्या दाबून पाहत होते. मला वाटलं, माझ्या संथपणाची थट्टा चालली आहे. घरात सगळेच करायचे. मी म्हटलं, "हो हो, पटापट." आणि एक पट्टी अशी दाबली की कुत्रं भुंकायला लागलं.

आता नणंदेचं सांगते. ती सगळ्यांत धाकटी. मी लग्न होऊन आले तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती, म्हणून नात्याने 'बाई' म्हणायच्या ऐवजी मी तिला 'तू'च म्हणायचे आणि तीही मला. बी.ए. झाली, बी.एड. झाली आणि मग घराच्या पोर्चमध्ये गल्लीतल्या मुलींना नाच शिकवायला लागली. लोकनृत्य, दांडिया, डिस्को, जे मुली मागतील ते. तिच्या पायात काहीतरी होतं. नुसती पाण्याची बादली घेऊन चालली तरी लयीत चालायची आणि पाणी सांडायचं नाही.

मामाजींना ते पसंत नव्हतं, पण ते ओरडणारे नव्हते. त्यांनी काटोलचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. संत्र्यांचा व्यापार, माणसं बरी, फक्त मुलाच्या आईने विचारलं होतं, नाच बंद करणार ना? नणंद म्हणाली होती, नाही. मामाजी दोघींच्या मधे बसून होते.

तेवढ्यात रामदासपेठेतल्या एका मुलींच्या शाळेत नृत्याच्या बाईंची जागा निघाली. तिथल्या मुख्याध्यापिकांनी नणंदेला सांगितलं, "सर्टिफिकेटं ठीक आहेत, मला मुली नाचताना दाखव. सुट्टीत आमचं सभागृह रिकामंच असतं, तिथेच कर कार्यक्रम, मी येऊन बसते." नणंद घरी आली ती उडतच. मामाजींनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला, "शाळेत लागली तं नाच म्हणजे नोकरी. मी काटोलवाल्याले तसं ठणकावून सांगतो. नाई लागली तं नाच म्हणजे नाच."

इतकं सरळ होतं सगळं.

संगीताला तबलजी ठरला होता, तो डिस्को म्हटल्यावर आजारी पडला. ऑर्केस्ट्राची मुलं लग्नसराईत अडकलेली. नणंद रडकुंडीला आली. आणि मी, जिला कुणी विचारलं नव्हतं, मी म्हटलं, "मी करते. डब्ब्यावर."

ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. दुपारी घर झोपलं की कूलरसमोर दिवाणावर मी आणि ते मशीन. रोज लागायचं म्हणून त्यातले सेल मी रात्रीही काढत नव्हते. वाळ्याचा ओला वास, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि तो लाल दिवा पळतोय. सोळा बटणं पाहून मी मनाशी म्हटलं, हा तर आपला तीनताल. सोळा मात्रा. परकी माणसंसुद्धा शेवटी आपल्याच वळणावर येतात. मग मी रीतसर सम धरली, टाळ्या धरल्या, आणि नवव्या मात्रेवर खाली आली म्हणून तिथला ढोल काढून टाकला. पोर्चमध्ये मुली नाचायला लागल्या आणि बरोब्बर मध्यावर सगळ्यांचे पाय हवेत.

नणंद कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वैनी, काहून वं, तुह्यं डिस्को मधेच उपास धरते?"

"ती खाली आहे. तालाचं शास्त्र आहे ते."

"शास्त्र राहू दे. पोरींनं पाय कुठी ठेवावा?"

मी चार दिवस त्या खालीसाठी भांडले. शास्त्र माझं होतं, पाय तिचे होते. शेवटी भरला तिथे ढोल, आणि काय सांगू, मुली अशा काही उसळल्या की मला माझ्या गुरुजींची माफी मागावीशी वाटली. मग मी सुटलेच. एका नाचाला टाळ्यांचा आवाज घातला, एकाला लेझमीसारखा खळाळ. तिसऱ्या नाचाखाली एक जाड, खालचा स्वर होता, तो मला कान फिरवता फिरवता सापडला. आंबील शिजताना खालून एक सुस्त बुडबुडा येतो, तसा यायचा तो. कुठला कान किती फिरला होता, देवाला ठाऊक. मी लिहून ठेवलं नाही. पेटीला लिहून ठेवावं लागत नाही, ती जिथे असते तिथेच असते.

नणंदेचे डोळे तो स्वर आला की मिटायचे. ती मुलींना विसरून स्वतःच नाचायला लागायची. एकदा पडद्याआडून मामाजी पाहत होते. मी पाहिलं म्हणून ते खोकले आणि पाणी प्यायला निघून गेले.

नणंद शहाणी. ती म्हणाली, "वैनी, एकदा हे टेपरेकॉर्डरवर भरून ठेवू. कॅसेट असली म्हणजे जिवाले घोर नाई."

यावर मी जे बोलले ते मला अजून पाठ आहे. म्हणाले, "मी संगीत शिकलेली बाई आहे. कॅसेटच लावायची तर त्या माइकवाल्यालाही लावता येईल. मग मी कशाला?"

खरं कारण साडी होतं. मोरपंखी, लग्नातली, पुन्हा नेसायला निमित्तच मिळत नव्हतं. मी स्टेजवर मधोमध बसणार, पुढ्यात मशीन, मागे मुली, आणि रामदासपेठेतल्या बायका एकमेकींना विचारणार, ही कोण? कॅसेट लावली असती तर ही कोण कुणी विचारलं असतं?

"निदान पेटी तरी बाजूला ठेवू," ती म्हणाली. मी म्हटलं, शोभत नाही, जुनाट दिसते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी चालवून पाहिलं. सगळं ठीक होतं. फक्त मला वाटलं, दिवा जरा मंद पळतोय. वाटलंच असेल. नेसत्या साडीला तीनदा निऱ्या घालणाऱ्या बाईला काय वाटेल याचा नेम नसतो. दुसरे सेल आणावेत हे डोक्यात आलं नाही, कारण गच्चीवर फुकटचं ऊन पडलं होतं. मी सेल काढले, कठड्यावर ओळीने मांडले आणि खाली येऊन केसांना शिकेकाई लावली. मामाजींनी नेमाने वर जाऊन ते उलटले. दुपारभर मिळून आम्ही दोघांनी त्या मशीनचं डोकं स्वच्छ धुऊन काढलं, आणि दोघांनाही आपण फार काळजी घेतोय असं वाटत होतं.

निघताना नणंद म्हणाली, "एकदा वाजवून पाह्य ना."

"आत्ता कशाला? सेल उगाच खर्ची पडतील."

सभागृह भरलं होतं. मुलींच्या आया, भावंडं, पंखे फिरत होते पण हवा कुठे जात होती कळत नव्हतं. पहिल्या रांगेत मुख्याध्यापिका, पांढऱ्या सुती साडीत, हातात विणलेला पंखा. त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून मामाजी. मुली हात वर करून उभ्या राहिल्या. माइकवाल्याने माइक मशीनच्या तोंडाशी आणून ठेवला. मी पदर सारखा केला, सभेकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं.

दिवा पळाला. आणि कसा पळाला. लखलखीत. उन्हाने सेल खरंच नवे केले होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत पहिल्यावर, पुन्हा. आवाज नाही.

मला वाटलं माइक. माइकवाला वाकून म्हणाला, "मॅडम, इकडून बरोबर हाये. तुमच्या डब्ब्यातूनच आवाज येऊन नाई राहिला." मी कान फिरवले. दुसरं बटण, तिसरं. जिथे पहिला नाच होता तिथे काही नव्हतं. दुसरा नव्हता. तिसरा, तो बुडबुड्यांचा, तोही नव्हता. दिवा मात्र रिकाम्या घरातून पळत होता. मुलींचे हात अजून वरच होते.

तेव्हा मला दिराचा आवाज ऐकू आला, पट्ट्यांच्या खालून. सेलच्या जिवावर राहते. पटापट. ते सगळं वाक्य त्या क्षणी मला पूर्ण ऐकू आलं, कुत्र्याच्या भुंकण्यासकट.

तरी मी गप्प बसले नाही, हा माझा दुसरा मूर्खपणा. वाटलं, आत्ता इथेच भरते ढोल, चारच तर दाबायचे. बोटं घामाने ओली. ढोल पडला तो भलतीकडे, मग दोन एकदम, मग टाळ्या. मुली बिचाऱ्या आज्ञाधारक. त्यांनी त्या भलत्या ढोलावरही पाय टाकायचा प्रयत्न केला. दोघी एकमेकींवर आदळल्या. मागून कुणीतरी हसलं, आणि हसू कसं असतं, एकाला सुटलं की सगळ्यांच्या मालकीचं होतं.

नणंद विंगेतून आली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. वाकून मशीन बंद केलं, मुलींसमोर सभेकडे पाठ करून उभी राहिली आणि मोठ्याने मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा, सात, आठ. मुली तिच्या मोजण्यावर नाचल्या. सभागृहात फक्त तिचा आवाज आणि फळ्यांवर पडणारी पावलं. मी मधोमध बसलेली. उठून जावं तर मुलींच्या रांगेतून जावं लागणार, बसावं तर करायला काही नाही. पुढ्यात विझलेला डब्बा, अंगावर मोरपंखी साडी. शेवटी मी मांडीवर हात ठेवून बसले, दुकानात ठेवतात त्या बाहुलीसारखी. ही कोण, हे मात्र आता सगळ्यांना कळलं होतं.

नाच संपला. थोड्या टाळ्या पडल्या, दयेच्या. दुसरा सुरू व्हायच्या आधी मुख्याध्यापिका उठल्या, नणंदेकडे पाहून हात जोडले आणि पंखा हलवत बाहेर गेल्या. नणंदेने तरी सगळे नाच मोजून पूर्ण केले. शेवटच्याला तिचा आवाज बसला होता.

घरी येताना सायकलरिक्षात ती माझ्या शेजारी होती, मांडीवर मुलींच्या ओढण्यांचं गाठोडं. मी तिला सगळं सांगितलं, सेल, कठडा, दिराचं बोलणं. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. माफ कर, म्हणाले. तिने घशाकडे बोट दाखवलं. बोलता येत नव्हतं, की बोलायचं नव्हतं, मी विचारलं नाही.

मामाजींनी जेवताना फक्त एक प्रश्न केला, "पण सूनबाई, सेल तं चांगले निघाले ना?"

"हो मामाजी."

"मंग डब्ब्यातच खोट होती." आणि भात कालवला. उन्हावरची त्यांची श्रद्धा शेवटपर्यंत ढळली नाही.

पण दोन दिवसांनी, भर दुपारी, त्यांनी टोपी घातली, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला, कानाला दुपट्टा बांधला आणि कुणाला न सांगता निघाले. मला वाटलं काटोलची बस धरायला गेले. ते परतले तेव्हा तोंड तांबडं झालं होतं. कूलरसमोर बसले. मी माठातलं पाणी दिलं. नणंद दाराशी येऊन उभी राहिली.

"शाळेत गेलतो," ते म्हणाले. "म्हटलं, पोरीचा कसूर नाई, माह्या सुनेनं सेल काढून ठेवले होते. मी बी उलटले होते, म्हटलं." थोडा वेळ त्यांनी पाणी पिण्यात घालवला. "बाई भल्या हायेत. बसवलं, पाणी पाजलं. पोरगी हिंमतवान हाये म्हणे तुमची. पण दुसरी ठेवली त्यांनी. कालच."

ते माणूस आयुष्यात कुणाच्या दारात काही मागायला गेलं नव्हतं. आणि गेलं ते नाचासाठी. नणंद आत गेली.

मी गेले मागोमाग. ती माझ्या खोलीत दिवाणावर बसली होती. पुढ्यात ते मशीन. त्या संध्याकाळपासून मी त्याच्यावर चादर टाकून ठेवली होती, ती तिने काढली होती.

"तिसरा वाजव," ती म्हणाली. आवाज अजून घोगरा होता.

"अगं, नाही राहिला तो. गेला सगळा."

"मशीनमधून गेला. तुह्या डोक्यातून?"

मी बसले. चालू केलं. दिवा पळायला लागला. एक कान फिरवला, दुसरा फिरवला. स्वर आला तो डासासारखा. परत फिरवला, तो भोंग्यासारखा. ढोल कुठे होता? पहिल्यावर होता, हे नक्की. मग पाचव्यावर? की त्याच्या आधी एक? किती दुपारी मी तो ऐकला होता, आणि माझ्या हाताला त्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. पेटी कधी विसरत नाही, विसरते ती वाजवणारी. इथे दोघंही विसरलो होतो. मी पट्ट्यांवरचा हात काढला आणि पहिल्यांदा रडले. स्टेजवर नव्हते रडले, तिथे काजळ होतं.

"नाही गं सापडत. मला आठवतच नाही."

बाहेरून मामाजींनी विचारलं, "पोरी, काटोलवाल्याले काय निरोप देऊ?"

नणंदेने उठून दार लोटलं. पदर कमरेला खोचला. दिवाण थोडा भिंतीकडे सरकवला, तेवढीच खोलीत पाय टाकायला जागा होती, आणि तिथे उभं राहून मला म्हणाली, "रडू नको वं. मी मोजून राहिली, तू शोध."